फॉक्सप्रो २.६ मधली पतसंस्था: विंडोज ११, तुटणारे इंडेक्स आणि जिस्टमधली मराठी नावं

तेरीजपत्रक

नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळायला घेतलंय. फॉक्सप्रो २.६, डॉसवालं. सभासद, ठेवी, कर्ज, पिग्मी, किर्द, खतावणी, सगळं त्याच्यातच. मूळ लिहिणारे आता या कामात नाहीत. पीआरजी (मूळ सोर्सच्या) फायली हाताशी आहेत, पण काउंटरवर चालते ती ईएक्सई याच पीआरजींची आहे का, हे सांगता येत नाही.

सेटअप असा: एक्सपीचे तीन पीसी, त्यातल्याच एकावर डेटा शेअर केलेला. आता विंडोज ११ चे दोन नवे पीसी आलेत. त्यांच्यावर ईएक्सई चालत नाही आणि एक्सपीवरचं शेअर्ड फोल्डरही उघडत नाही. बाकी दुखणी:

– इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) वारंवार बिघडतो. खाते नंबर टाकला की "खाते सापडत नाही", ब्राउझमध्ये तेच खातं समोर दिसतं.
– लाइट गेली की व्यवहाराच्या फायलीतली शेवटची नोंद गायब. पावती दिलेली असते, किर्दीत रक्कम नसते.
– सभासदांची नावं-पत्ते मराठीत, जिस्टवर (डॉसमध्ये मराठी टाइप करायची जुनी सोय) टाइप केलेले. एक्सपीवर फुल स्क्रीनला नीट दिसतात, दुसरीकडे कुठेही उघडलं की कचरा.

संचालक मंडळ नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं म्हणतंय, पण तरतूद पुढच्या आर्थिक वर्षात. तोवर काय करावं आणि कोणत्या क्रमाने? "फॉक्सप्रो फेकून द्या" हा सल्ला ऐकून झालाय, तो वगळून बोला.

जुनं_खोड

आधी डेटा, मग नवे पीसी, मराठी शेवटी.

शेवटची नोंद गायब झाली म्हणता ती बहुतेक वेळा फायलीतच असते. डीबीएफच्या (फॉक्सप्रोच्या टेबलाच्या फायलीच्या) हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, एकूण नोंदींचा आकडा असतो. नोंद डिस्कवर उतरली आणि हेडर लिहायच्या आत लाइट गेली, तर फॉक्सप्रोच्या लेखी ती नोंद नाहीच. वर पुढची नवी एंट्री तो नेमकी तिच्याच जागेवर लिहितो, मग ती खरोखरच जाते. म्हणून लाइट आल्यावर कोणालाही एंट्री करू देऊ नका. आधी फायलीची कॉपी, मग तपासणी.

तपासणी म्हणजे साधं गणित. फायलीतले बाइट शून्यापासून मोजा. ४ ते ७ मध्ये नोंदींची संख्या, ८-९ मध्ये हेडरची लांबी, १०-११ मध्ये एका नोंदीची लांबी. आकडे उलट्या क्रमाने लिहिलेले असतात, कमी किमतीचा बाइट आधी. आता

फायलीचा आकार = हेडर + (नोंदी × नोंदीची लांबी) + १

तो शेवटचा १ म्हणजे फाइल संपल्याची खूण, २६ नंबरचा बाइट. काही फायलींत तो नसतो, त्यामुळे एका बाइटाच्या फरकाकडे लक्ष देऊ नका.

समजा १४ फील्ड आहेत. २.६ च्या फायलीत हेडर ३२ + (१४ × ३२) + १ = ४८१ बाइट. नोंदीची लांबी १४२ (सगळ्या फील्डच्या रुंदीची बेरीज अधिक १, तो जादा बाइट डिलीटच्या खुणेचा). हेडर म्हणतं १८,६५० नोंदी. म्हणजे फाइल २६,४८,७८२ बाइटची हवी. प्रत्यक्षात २६,४८,९२४ भरली, तर फरक बरोबर १४२. एक नोंद हेडरच्या बाहेर पडली आहे. ४ ते ७ मधले बाइट २१८, ७२, ०, ० असतील ते २१९, ७२, ०, ० करा, नोंद परत दिसेल. हेक्स एडिटर नको असेल तर फॉक्सप्रोतूनच करता येतं: एफओपन मोड २ मध्ये, एफसीकने ४ वर जा, एफराइटने चार सीएचआर लिहा, एफक्लोज. फरक नोंदीच्या लांबीच्या पटीत नसेल तर मात्र हात लावू नका. अर्धवट नोंद किंवा मधलाच तुकडा बिघडलेला असतो, तिथे बॅकअप आणि पावतीपुस्तक घेऊन बसावं लागतं.

इंडेक्सचं. फोल्डरमध्ये आयडीएक्स फायली (एका फायलीत एकच इंडेक्स) आहेत की सीडीएक्स (एका फायलीत अनेक), हे आधी बघा. आयडीएक्स असतील तर तुमच्या लक्षणांचं कारण जवळपास नक्की: एक प्रोग्रॅम तिन्ही इंडेक्स उघडून नोंद टाकतो, दुसरा (बहुधा पिग्मीची फाइल घेणारा) एकच उघडतो. उरलेल्या दोन इंडेक्सना नवी नोंद माहीतच नाही. ब्राउझला दिसते, सीकला (इंडेक्सवरून शोधणारी कमांड) सापडत नाही. सगळ्या पीआरजींत "यूज" शोधा आणि प्रत्येक ठिकाणी कोणते इंडेक्स उघडलेत ते ताडून बघा. कायमचा उपाय म्हणजे टेबलच्याच नावाचा सीडीएक्स. तो टेबलबरोबर आपोआप उघडतो.

सीडीएक्सच असेल आणि बिघडत असेल तर रीइंडेक्सवर विसंबू नका. टॅगची (सीडीएक्समधल्या एकेका इंडेक्सची) सूत्रं तो त्याच बिघडलेल्या सीडीएक्समधून वाचतो. वेगळी पीआरजी ठेवा: टेबल एक्सक्लुझिव्ह उघडा, डिलीट टॅग ऑल, मग प्रत्येक इंडेक्स ऑन नव्याने. सूत्रं माहीत नसतील तर धडधाकट बॅकअप उघडून टॅग(१), टॅग(२) असं विचारत जा. सूत्र सिस(१४) देतो, फॉर लावलेली अट सिस(२०२१) देतो. सगळं कागदावर उतरवा. सूत्रात ऑलट्रिम दिसला तर तोही गुन्हेगार: किल्लीची लांबी ठरावीकच हवी, पॅडआर किंवा लांबी दिलेला एसटीआर वापरा.

सीडीएक्स पार गेला आणि टेबलच उघडेना, तर हेडरमधला २८ वा बाइट १ असेल तो ० करा. "माझ्याकडे सीडीएक्स आहे" ही खूण पुसली जाते आणि टेबल उघडतं. मग इंडेक्स नव्याने.

सोर्स आणि ईएक्सईबद्दल: एक अक्षरही न बदलता पीआरजींवरून नवी ईएक्सई बांधा, डेटाची कॉपी घ्या, दोन्हींतून एकाच तारखेची तेरीज, व्याज यादी आणि थकबाकी यादी फायलीत काढा आणि एफसी कमांडने ताडा. फरक निघाला तर सोर्स जुना आहे. अशा वेळी रीफॉक्ससारखं डीकंपायलर लागतं. फॉक्सप्रोच्या ईएक्सईत पी-कोड असतो, त्यामुळे कॉमेंट सोडून बहुतेक सोर्स परत मिळतो. एनक्रिप्ट केलेली असेल तर अवघड.

यूपीएस घ्या. इन्व्हर्टर नव्हे, साध्या इन्व्हर्टरला बदलायला जो क्षण लागतो त्यात पीसी रीस्टार्ट होऊ शकतो.

लॅनवाला

खोडसाहेबांनी डेटाचं सांगितलंय, मी वायरींकडे येतो.

नव्या पीसीवर ईएक्सई का चालत नाही: २.६ डॉसवाला १६-बिट आहे. ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट चालवणारा भागच (एनटीव्हीडीएम) नाही. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही. ३२-बिट विंडोज १० वर चालेल, पण त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कंपॅटिबिलिटी टॅबमध्ये काहीही टिकमार्क केलं तरी उपयोग शून्य.

शेअर का उघडत नाही: एक्सपीला फक्त एसएमबी-१ (नेटवर्कवर फायली शेअर करायची जुनी पद्धत) येतं, विंडोज ११ मध्ये ते बंद असतं. कोणीतरी नक्की सांगेल की कंट्रोल पॅनेलमधून एसएमबी-१ चालू करा. करू नका. २०१७ चा वॉनाक्राय व्हायरस त्याच भोकातून शिरला होता. सभासदांचं केवायसी असलेल्या नेटवर्कवर तर नाहीच. एक्सपी नेटवर्कवरून काढणं हाच मार्ग.

मग उरतात दोन रस्ते. पहिला व्हीडॉस. डॉसच्या व्यावसायिक प्रोग्रॅमसाठीच बनवलेला एम्युलेटर आहे. फाइल आणि रेकॉर्ड लॉकिंग, विंडोजच्या प्रिंटरवर छपाई दोन्ही करतो. साधा डॉसबॉक्स खेळांसाठी आहे, पाच काउंटरचा डेटा त्याच्यावर टाकू नका. व्हीडॉसमध्ये सोर्सला हात लावावा लागत नाही, पण जिस्ट चालणार नाही, मराठी नावं कचराच दिसतील.

दुसरा रस्ता, माझ्या मते खरा: पीआरजी व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ (व्हीएफपी) मध्ये कंपाइल करणं. आवृत्ती २००४ ची, सपोर्ट २०१५ च्या जानेवारीत संपला, तरी ३२-बिट असल्यामुळे विंडोज ११ वर चालते. ॲट-से-गेट, रीड, ब्राउझ जसेच्या तसे चालतात. अडतं ते इथे: लोड-कॉलने बोलावलेल्या बिन फायली आणि डॉसच्या पीएलबी लायब्ररी चालत नाहीत, चौकटींच्या रेघा बिघडतात, फॉन्ट फॉक्सफॉन्ट किंवा टर्मिनल द्यावा लागतो. रनटाइम म्हणून व्हीएफपी९आर, व्हीएफपी९आरईएनयू आणि एमएसव्हीसीआर७१ या डीएलएल ईएक्सईशेजारी ठेवल्या की वेगळं इन्स्टॉलेशन लागत नाही. आणि प्रोग्रॅम फाइल्समध्ये डेटा ठेवू नका. जुन्या ३२-बिट प्रोग्रॅमने तिथे लिहिलेलं विंडोज गुपचूप त्या युजरच्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरमध्ये वळवतं, मग एकाच पीसीवर दोन क्लार्कना दोन वेगळ्या शिलकी दिसतात.

एक खबरदारी. व्हीएफपीने जुनं टेबल नुसतं उघडलं तर त्याचं काही बदलत नाही. पण मॉडिफाय स्ट्रक्चर किंवा साधा कॉपी टू केला की फाइल नव्या प्रकारची होते. पहिला बाइट ३ किंवा २४५ होता तो ४८ होतो आणि २.६ ती उघडत नाही. दोन्ही चालू आहेत तोवर कॉपी टू ला टाइप फॉक्स२एक्स लावा.

आता इंडेक्स तुटण्याचं दुसरं कारण. नव्या विंडोजचा क्लायंट शेअर्ड फायली स्वतःकडे कॅश करतो. एसएमबी-१ मध्ये ऑपलॉक (फाइल कॅश करायची क्लायंटला दिलेली मुभा) रजिस्ट्रीतून बंद करता यायचे, एसएमबी-२ पासून तो रस्ता बंद. करायचं ते असं:

सर्व्हरवर पॉवरशेलमधून सेट-एसएमबीशेअर कमांडने त्या शेअरचा लीझिंगमोड "नन" करा. प्रत्येक काउंटरवर लॅनमनवर्कस्टेशनच्या पॅरामीटर्समध्ये डिरेक्टरीकॅशलाइफटाइम, फाइलइन्फोकॅशलाइफटाइम, फाइलनॉटफाउंडकॅशलाइफटाइम या तीन डीवर्ड किमती ० ठेवा आणि रीस्टार्ट करा. सर्व्हर लिनक्सवर सांबाचा असेल तर काम सोपं, त्या शेअरला ऑपलॉक्स नो आणि लेव्हल२ ऑपलॉक्स नो.

याशिवाय वायफायवर एकही काउंटर नको. नेटवर्क कार्डच्या पॉवर मॅनेजमेंटमधली "वीज वाचवण्यासाठी बंद कर" ही टिक काढा, स्लीप बंद करा. अँटिव्हायरसमध्ये डेटा फोल्डर वगळा. कॉन्फिग फायलीत टीएमपीफाइल्स प्रत्येकाच्या स्वतःच्या डिस्कवर द्या, नाहीतर सगळ्यांच्या तात्पुरत्या फायली सर्व्हरवर भांडतात.

पैसे असतील तर याहून उत्तम म्हणजे विंडोज सर्व्हर आणि रिमोट डेस्कटॉप. ईएक्सई आणि डेटा एकाच डिस्कवर, वायरीतून फक्त चित्र जातं. काउंटरची लाइट गेली तरी सेशन सर्व्हरवर जिवंत. पण तोही ६४-बिट, म्हणजे व्हीएफपीत आणल्याशिवाय हा रस्ता नाही.

पायथॉनप्रेमी

एवढी मलमपट्टी कशाला? डीबीएफरीडने (पायथॉनची लायब्ररी) टेबलं वाचा, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये टाका, वर एक वेब फ्रंटएंड. डेटा हलवणं दोन दिवसांचं काम आहे.

तेरीजपत्रक

खोडसाहेब, आकाराचं गणित बरोबर निघालं. दोन फायलींत एकेक नोंद बाहेर होती, दोन्ही परत आल्या. आभार. आयडीएक्सही आहेतच, त्या शोधायला घेतो.

मराठी नावांचं एक गूढ आहे. मागे कोणीतरी केवायसीसाठी व्हीएफपीत छोटं टूल बनवून नावं "साफ" केली होती. तेव्हापासून काही नावं जिस्टच्या स्क्रीनवरही चुकीची दिसतात. "मोरे" चं "मधरण", "देव" चं "दणव". सगळी नावं नाहीत. "राम", "काळा" शाबूत आहेत. हे परत आणता येईल का?

अक्षरओळख

गूढ काही नाही, त्या टूलमध्ये अप्पर() आहे, लहान इंग्रजी अक्षरं मोठी करणारं फंक्शन.

जिस्टमधला मजकूर इस्कीत असतो, म्हणजे भारतीय लिप्यांच्या मानक कोडमध्ये, आयएस १३१९४:१९९१. प्रत्येक वर्ण एक बाइट, १६१ च्या पुढे. "राम" म्हणजे २०७, २१८, २०४. व्हीएफपी हे बाइट १२५२ कोडपेजचे (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता) समजतो. त्या कोडपेजमध्ये २२४ ते २५४ ही डोक्यावर चिन्हं असलेली युरोपीय लहान अक्षरं, आणि त्यांची मोठी अक्षरं बरोबर ३२ ने खाली. अप्पर() ने प्रत्येकातून ३२ वजा केले. इस्कीत ए ची मात्रा २२५, तिची झाली १९३, म्हणजे ण. ओ ची मात्रा २२९, तिची १९७, म्हणजे ध. म्हणून मोरे = म, ध, र, ण. हलन्त २३२ चा २००, म्हणजे प. "क्षमा" असेल तर "कपषमा" झाली असेल, बघा. काना, वेलांटी, उकार २१८ ते २२२ मध्ये येतात, त्यांना धक्का नाही, म्हणून "राम" आणि "काळा" वाचले. पत्त्यातले मराठी आकडेही गेले असतील, १ चा ळ झाला असेल. २४७ हा भागाकाराच्या चिन्हाचा बाइट अप्पर() सोडून देतो आणि इस्कीत तो ६ आहे, त्यामुळे सहाचा आकडा तेवढा शाबूत सापडेल.

उलट फिरवता येत नाही, कारण खरा ण आणि बिघडून झालेला ण सारखेच. टूल चालवण्याआधीचा बॅकअप लागेल. व्हीएफपीतच खाते नंबरवर दोन्ही टेबलं जोडा. जिथे अप्पर(जुनं नाव) आणि आताचं नाव तंतोतंत जुळतं, तिथे जुनं नाव ठेवा. तुलनेला दोन बरोबरच्या खुणा लावा. सेट एक्झॅक्ट ऑफ असताना एकच खूण लावली तर उजवीकडचा मजकूर संपेपर्यंतच ताडतो, "रामदास" आणि "राम" त्याला सारखेच. जिथे जुळत नाही तिथे मधल्या काळात नाव खरंच बदललंय, ती यादी छापून सभासद रजिस्टरशी हाताने ताडा.

हेच नकळतही घडतं: इनपुटच्या पिक्चरमध्ये उद्गारचिन्ह असेल तर. शिवाय टेबलावर कोडपेजची खूण असेल (२९ वा बाइट) तर व्हीएफपी उघडतानाच बाइट बदलून देतो. त्या फील्डना सेट नोसीपीट्रान्स लावा, म्हणजे बाइट बदलणार नाहीत. इंडेक्सला कोलेट (क्रम लावायची पद्धत) मशीनच ठेवा. इस्कीचा क्रम बराचसा बाराखडीचाच आहे, जनरल लावलात तर यादी विस्कटेल.

युनिकोडकडे नेताना टेबल स्वतः लिहीत बसू नका. विंडोजमध्ये देवनागरी इस्कीचं कोडपेज ५७००२ आहे, डॉटनेटमधून थेट मिळतं (नव्या डॉटनेटमध्ये कोडपेजेस प्रोव्हायडर आधी नोंदवावा लागतो). लिनक्सवर आयसीयूचं यूकॉन्व्ह, त्यात नाव इस्की-देव. डीबीएफ मात्र कच्च्या बाइटांत वाचा. डीबीएफरीडमध्ये रॉ ट्रू करा. आधी कुठल्यातरी कोडपेजने डिकोड करून मग इस्की शोधायला गेलात तर बाइट हरवलेले असतात. तपासून घ्यायच्या जागा: दोन हलन्त लागोपाठ म्हणजे पाय मोडलेलं सुटं अक्षर, हलन्त आणि नुक्ता म्हणजे अर्धं अक्षर, आणि २३९ हा स्क्रीनच्या अवस्थेचा बाइट, तो पुढच्या एका बाइटासकट काढून टाकायचा. "दऱ्याखोऱ्या", "कुऱ्हाडे" अशी नावं मुद्दाम बघा. ऱ चा बाइट २०८, साध्या र चा २०७, आणि जुन्या डेटात लोकांनी दोन्ही मनाला येईल तसे वापरलेले असतात.

काही फायली नंतर विंडोजवर फॉन्टमध्ये टाइप झाल्या असतील तर गोष्ट वेगळी. क्रुतीदेवमध्ये "राम" म्हणजे जे, के, ई ही इंग्रजी अक्षरं. तिथे साठवण दिसण्याच्या क्रमाने असते: पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. "कार्य" हे क, काना, य, रफार असं पडलेलं असतं. आधी सगळ्यात लांब जोड्या बदला, मग वेलांटी पूर्ण जोडाक्षराच्या नंतर न्या, मग रफार जोडाक्षराच्या आधी. हा क्रम मोडला की "स्थिती" आणि "शिर्के" हमखास बिघडतात. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा. एका टेबलात दोन फॉन्टही सापडतात, आधी वर्षवार नमुने बघा.

आणि व्हीएफपीचे स्वतःचे टेक्स्टबॉक्स युनिकोड मराठी दाखवत नाहीत, ती आशा धरू नका. तिथे इंग्रजी लिपीतल्या नावाचं एक जादा फील्ड ठेवा, काउंटरचं शोधणं त्याच्यावर होऊ द्या.

जुनं_खोड

पायथॉनप्रेमी, डेटा हलवणं दोन दिवसांचंच आहे. तेरीज जुळवणं नाही. पतसंस्थेच्या डीबीएफमध्ये काय काय दडलेलं असतं ते लिहितो, तेरीजपत्रकांनाही पुढच्या वर्षी कामी येईल.

पैसे. रुंदी ८, दशांश २ असं फील्ड ९९,९९९.९९ पर्यंतच पुरतं. त्यात १,२३,४५६.७८ लिहिलं तर फॉक्सप्रो लगेच ओरडत नाही. दशांशाची जागा खाऊन १२३४५६.८ लिहितो. दोन पैसे वाढले. रक्कम आणखी वाढली तर सगळे पैसे जातात, त्यानंतर कुठे चांदण्या दिसतात. जुन्या कर्जखात्यांत हे सर्रास असतं. हलवण्याआधी प्रत्येक आकडी फील्डचा कच्चा मजकूर वाचा आणि दशांशचिन्ह ठरलेल्या जागी नाही अशा नोंदी वेगळ्या काढा.

व्याज. फॉक्सप्रोचा राउंड अर्ध्याला वर नेतो: १२.१२५ चे १२.१३. पायथॉनचा राउंड आणि सी-शार्पचा मॅथ राउंड मुळात सम अंकाकडे झुकतात, १२.१२. एका खात्यात एक पैसा; हजारो बचत खात्यांवर सहामाही व्याज टाकलं की देय व्याजाचं खातं जुळत नाही आणि लेखापरीक्षक शेरा मारतो. पोस्टग्रेसमध्ये न्यूमेरिक प्रकार घ्या, फ्लोट नको, आणि राउंडिंगची पद्धत स्पष्ट सांगा.

तारखा. २.६ मध्ये दोन आकडी वर्ष म्हणजे १९ चं शतक. व्हीएफपीत सेट सेंचुरी टू १९ रोलओव्हर ४० असं स्वतः सांगा: ५८ टाकलं तर १९५८, २७ टाकलं तर २०२७. सांगितलं नाही तर सीमा चालू वर्षावरून ठरते आणि ज्येष्ठ सभासदाची जन्मतारीख २०५८ पडते, ज्येष्ठ नागरिकाचा जादा दर मिळत नाही. खाजगी डेटासेशनचा फॉर्म उघडला की सेंचुरी, डेट, डिलीटेड, एक्झॅक्ट हे सगळे सेट मूळ पदावर जातात. फॉर्मच्या लोडमध्ये पुन्हा लिहावे लागतात. खोडलेल्या नोंदी "अचानक परत आल्या" ही तक्रार बहुतेक इथलीच. रिकाम्या तारखा नल करून न्या. काही ड्रायव्हर त्या ३०-१२-१८९९ अशा पोचवतात.

नोंदी. खोडलेली नोंद पॅक होईपर्यंत फायलीतच असते, पहिल्या बाइटात चांदणी. काही आयात करणारी साधनं तीही जिवंत म्हणून नेतात. खातं नाही पण व्यवहार आहे, अशा अनाथ नोंदींची यादी आधीच काढा. डीबीएफला असली बंधनं ठाऊक नसतात.

ड्रायव्हर. मायक्रोसॉफ्टचा व्हीएफपी ओएलईडीबी फक्त ३२-बिट आहे. ६४-बिट प्रोग्रॅमला तो "नोंदवलेला नाही" असं दिसतं आणि लोक पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतात.

मग समांतर चालवणं: निदान एक व्याज आकारणी दोन्हीकडे झाली पाहिजे, जमल्यास ३१ मार्च मध्ये येऊ द्या. रोज किर्दीची बेरीज, आठवड्याला तेरीज, व्याज यादी खातेनिहाय. फरक निघाला की नव्या सॉफ्टवेअरमध्ये "समायोजन" टाकून गप्प बसवू नका, खातं शोधा.

तेरीजपत्रक

अक्षरओळख, "कपषमा" सापडली! बॅकअपही आहे.

शेवटची अडचण: टीव्हीएसचा डॉट मॅट्रिक्स आता यूएसबीवर आहे, प्रोग्रॅम एलपीटी-१ वर (जुना प्रिंटर पोर्ट) छापतो. १३२ कॉलमची यादी आणि अर्ध्या पानाची पावती दोन्ही निघाल्या पाहिजेत.

लॅनवाला

प्रिंटर जेनेरिक/टेक्स्ट ओन्ली ड्रायव्हरने बसवा, शेअर करा, शेअरचं नाव छोटं आणि बिनाजागेचं. मग नेट यूज एलपीटी१, पुढे संगणकाचं आणि शेअरचं नाव, शेवटी पर्सिस्टंट यस. ही कमांड ॲडमिन खिडकीत देऊ नका. तिथे जोडलेला पोर्ट साध्या युजरच्या प्रोग्रॅमला दिसत नाही. नेटवर्कची वायर निघाली की छपाई बंद पडत असेल तर मायक्रोसॉफ्टचा लूपबॅक ॲडॅप्टर बसवा. व्हीडॉस वापरलात तर हे लागत नाही, त्याच्या कॉन्फिग फायलीत एलपीटी-१ कुठे जायचा ते लिहायचं.

१३२ कॉलमसाठी आधी सीएचआर(१५), संपल्यावर सीएचआर(१८). ८० कॉलमच्या प्रिंटरवर त्या मापात १३७ अक्षरं मावतात. पावती सहा इंची असेल तर पानाची लांबी ३६ ओळी: २७, ६७, ३६. यादी १२ इंची कागदावर: २७, ६७, ७२. प्रत्येक छपाईच्या सुरुवातीला २७, ६४ पाठवून प्रिंटर मूळ पदावर आणा, नाहीतर आधीच्या पावतीची लांबी यादीला लागते आणि दर अर्ध्या पानावर कोरी जागा सुटते. हे सगळे कोड फॉक्सप्रोत तीन प्रश्नचिन्हांच्या कमांडने पाठवा. दोन प्रश्नचिन्हं वापरली तर प्रिंटरच्या कॉलमचा हिशोब बिघडतो.

लेझरवर पाठवायच्या फंदात पडू नका. स्वस्तातल्या बऱ्याच लेझरना साधा मजकूर कळतच नाही, कागद कोरा येतो किंवा येतच नाही. आणि पासबुकावर मराठी नाव हवं असेल तर या मार्गाने येणार नाही. ते पान व्हीएफपीच्या रिपोर्टमधून, फॉन्ट लावून, विंडोजच्या ड्रायव्हरने छापा.